हवा भरताना आणि नेम धरताना

पंपाने हवा भरायच्या माझ्या एअर रायफलीला लाकडी दस्ता बसवायचे मी ठरवले, तेव्हा महिनाभराचे काम आहे असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात दीड वर्ष लागले. एक दस्ता मुठीपाशी मोडला, पुढच्या दांड्याचे एक लाकूड उभे चिरले, आणि या सगळ्यातून जी गोष्ट मला नीट समजली ती पहिल्याच दिवशी सांगणारे कोणीतरी भेटायला हवे होते असे आजही वाटते. या जातीच्या रायफलीचा दस्ता दोन वेगवेगळी कामे करतो. नेम धरताना तो गालाला आणि खांद्याला आधार देतो, हे सगळेच जाणतात. पण त्याआधी, प्रत्येक छऱ्यामागे पाच-सहा वेळा, तो हवा भरणाऱ्या हाताचा जोर सोसतो. मी पहिला दस्ता फक्त नेमासाठी घडवला होता.

रायफल मी वापरलेली घेतली होती. नळी ४.५ मिलिमीटरची, तिच्या खाली पंपाचे पोलादी नळकांडे, आणि नळकांड्याच्या पुढच्या टोकाला खिळीवर फिरणारा दांडा. हा दांडा मागच्या टोकाला धरून खाली आणि पुढे उघडायचा, मग परत नळकांड्याला मिटवायचा, की एक पंप झाला. तीनपेक्षा कमी आणि दहापेक्षा जास्त पंप मारू नयेत, असे तिच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले होते. यंत्र उत्तम होते. भरलेली हवा रात्रभर ठेवली तरी जात नसे. दस्ता मात्र प्लास्टिकच्या दोन कवचांचा, स्क्रूने एकमेकांना जोडलेला आणि आतून पोकळ होता. गाल टेकवला की दोन कवचांमधली शिवण गालाला लागायची, आणि चाप ओढल्यावर आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज यायचा. मुठीजवळच्या एका स्क्रूभोवती बारीक तडाही गेलेला होता.

प्लास्टिकची बाजूही सांगितली पाहिजे. ते दमट हवेत फुगत नाही, कोरड्या हवेत आकसत नाही आणि वजनाला हलके असते. कारखान्याने ते निव्वळ काटकसरीपोटी वापरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत १९६६ साली बाजारात आलेल्या क्रॉसमन ७६० या पंपाच्या रायफलीच्या सुरुवातीच्या प्रतींना लाकडी दस्ता आणि पुढेही लाकूडच होते. नंतर त्या जागी प्लास्टिक आले आणि तीच रायफल असंख्य लोकांच्या हाती गेली. तरीही प्लास्टिकची एक अडचण अशी की त्यातून काढून घ्यायला काही नसते. पोकळ कवच तासले तर भोक पडते. गालाखाली दोन मिलिमीटर कमी हवेत, मुठीच्या उजव्या अंगाला अंगठ्यासाठी थोडी खळगी हवी, असे शरीर सांगू लागले, की ते ऐकण्याची सोय लाकडातच असते.

एअर रायफलीत बदल करायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात आधी ताकद येते. झडप बदलायची, आतली पोकळी कमी करायची, जास्त पंप मारायचे. मी त्या वाटेला गेलो नाही आणि नव्याने हे काम हाती घेणाऱ्यालाही जाऊ नको असेच सांगेन. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा सुमारे ८ ज्यूल भरते. कागदावरच्या निशाणासाठी ती पुरून उरते. ताकदीच्या कायदेशीर मर्यादाही देशोदेशी वेगळ्या असतात. इंग्लंडमध्ये परवान्याविना ठेवायच्या एअर रायफलीला १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल, तर जर्मनीत ७.५ ज्यूल. आपल्याकडे काय मर्यादा आहे ते पाहिल्याशिवाय झडपेला हात लावणे योग्य नाही, आणि ते पाहिल्यावरही मला त्याची गरज वाटली नाही. झडप आणि चापाची आतली रचना होती तशीच ठेवायची, आणि माणसाचा हात, गाल आणि खांदा जिथे जिथे टेकतो तेवढेच नवे करायचे, अशी मर्यादा मी स्वतःला घालून घेतली.

पंप चालतो कसा हे इथे थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढे जे मोडले त्याचे कारण तिथेच आहे. दांडा उघडला की नळकांड्यातला दट्ट्या पुढे सरकतो आणि बाहेरची हवा आत येते. दांडा मिटवताना तोच दट्ट्या मागे जाऊन ती हवा दाबतो, आणि तिचा दाब साठ्यातल्या हवेपेक्षा जास्त झाला की मधली एकदिशा झडप उघडून ती साठ्यात शिरते. पहिल्या पंपाला साठा रिकामा असतो, म्हणून दांडा सहज मिटतो. पुढच्या प्रत्येक पंपाला झडप उघडायला आधीपेक्षा जास्त दाब लागतो, त्यामुळे दांड्याचा जड टप्पा लवकर सुरू होतो आणि हाताला जास्त जोर लावावा लागतो. गंमत अशी की जोर वाढत जातो, पण प्रत्येक पंपामागे छऱ्याच्या वेगात पडणारी भर कमी कमी होत जाते. पाचव्या पंपाने जेवढे मिळते तेवढे नवव्याने मिळत नाही, आणि दस्त्यावरचा ताण मात्र नवव्याला सर्वांत जास्त असतो.

लाकूड अक्रोडाचे निवडले. रायफलीच्या दस्त्यासाठी अक्रोड पूर्वापार वापरात आहे आणि त्याला कारणे आहेत: ते वजनाच्या मानाने मजबूत असते, पटाशीखाली ढलपे न उडता स्वच्छ कापले जाते, आणि एकदा वाळले की आकार फारसा बदलत नाही. बीच हे लाकूड जास्त कठीण आणि एकसारखे असते, पण हवेतल्या ओलाव्याने जास्त हलते. मेपल सुरेख दिसते, पण त्यावर पटाशीची प्रत्येक चूक दिसते. मी घेतलेली फळी दोन इंच जाडीची होती आणि तीन वर्षे सावलीत, हवेशीर जागी वाळलेली होती. जाडीच्या प्रत्येक इंचामागे वर्षभर वाळवावे असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे, त्या हिशेबाने ती तयार होती. तिला गाठ नव्हती, तडा नव्हता, आणि धागा, म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सरळ होता. हा सरळ धागा पाहून मी हरखलो आणि तिथेच चुकलो, पण ते कळायला चार महिने जायचे होते.

आधी पुठ्ठ्यावर आकार काढला. चापापासून बटच्या, म्हणजे दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, टोकापर्यंतचे अंतर ही दस्त्याची सर्वांत महत्त्वाची लांबी. जुन्या प्लास्टिकची ती पावणेतेरा इंच होती, आणि त्यामुळे माझे नाक अंगठ्याला जवळजवळ लागत असे. मोठ्या माणसासाठी साडेतेरा इंचांच्या आसपास ही लांबी धरतात. मी तेवढीच ठेवली. दुसरे माप गालाच्या उंचीचे. ते काढण्याची एक पद्धत मला फार आवडते: रायफल रिकामी असल्याची खात्री करून डोळे मिटायचे, ती सहजपणे खांद्याला लावायची, गाल जिथे आपोआप टेकतो तिथे टेकू द्यायचा, आणि मग डोळे उघडायचे. नेम धरायच्या मागच्या खाचेत पुढची माशी, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरचा लहान खुंट, नेमकी दिसली तर गालाची उंची बरोबर. माशी दिसत नसेल आणि फक्त खाचेची मागची बाजू दिसत असेल तर गाल फार खाली आहे. माशी खाचेच्या बरीच वर तरंगत असेल तर गाल फार वर आहे. मी जुन्या दस्त्यावर कापडाच्या पट्ट्या चिकटवत, काढत, ही उंची ठरवली आणि पुठ्ठ्यावर उतरवली. पुठ्ठा फळीवर ठेवून पेन्सिल फिरवताना दस्त्याची वरची कड फळीच्या धाग्याला समांतर ठेवली, कारण तसे केल्याने फळी कमीत कमी वाया जात होती.

करवतीने बाह्याकार कापणे हा एका दुपारचा उद्योग. खरे काम त्यानंतरचे, म्हणजे लोखंड लाकडात बसवणे. पंपाच्या नळकांड्याच्या मागच्या भागासाठी अर्धगोल खोबण आणि तिच्या खाली चापाच्या पेटीसाठी चौकोनी खोल खाच लागते. या खोबणीत नळकांडे सगळीकडून सारखे टेकले पाहिजे. एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने सैल बसले तर स्क्रू आवळताना ताण येतो, आणि तो ताण प्रत्येक वेळी थोडा वेगळा असतो. हे साधण्यासाठी काजळी वापरतात. तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर ताटली धरून मी काजळी जमवली, तिच्यात दोन थेंब तेल मिसळले आणि तिचा अगदी पातळ थर नळकांड्याला बोटाने लावला. मग ते नळकांडे खोबणीत ठेवून वरून लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचे आणि सरळ वर उचलायचे. लोखंड जिथे लाकडाला लागले तिथे काळे डाग उमटलेले असतात. तेवढेच डाग गोल पटाशीने, कागदाइतक्या पातळ ढलप्यात, काढून टाकायचे आणि पुन्हा काजळी लावायची.

पहिल्या दिवशी खोबणीत तीन डाग उमटले, दोन कडांवर आणि एक मागच्या कोपऱ्यात. ते काढल्यावर दुसरे पाच उमटले. आठवड्याने डागांची संख्या मोजण्यापलीकडे गेली आणि ते लहान होत होत सगळ्या खोबणीभर ठिपक्यांसारखे पसरले. काम संपत आल्याची ती खूण असते: काळे डाग जितके जास्त आणि जितके बारीक, तितके लोखंड आणि लाकूड एकमेकांना जास्त जागी भेटत आहेत. या कामात घाई करता येत नाही, कारण काढलेला ढलपा परत चिकटवता येत नाही. एकदा मागच्या कोपऱ्यात पटाशी अर्धा मिलिमीटर खोल गेली, आणि तो कोपरा भरून काढण्यासाठी पुढे इपॉक्सी, म्हणजे सुकून कठीण होणारा चिकट पदार्थ, वापरावे लागले. रोज रात्री हात धुतल्यावरही नखांच्या कडांना काजळी राहायची. त्या दिवसांइतका मी क्वचितच एखाद्या कामात रमलो असेन.

एक सवय याच दिवसांत लावून घेतली, आणि तिच्याबद्दल मी आग्रही आहे. रायफल जोडताना किंवा सोडवताना, दर वेळी, ती सुरक्षित दिशेला धरून, छर्रा नसल्याची खात्री करून, चाप ओढून आतली हवा सोडून द्यायची. अशा रायफलीत एखादा पंप हवा ठेवून ती कपाटात ठेवावी, म्हणजे झडप नीट बसलेली राहते, असा सल्ला जाणकार देतात आणि मीही तो पाळतो. पण त्यामुळेच, बाकावर घेतलेली रायफल रिकामी असेल असे गृहीत धरता येत नाही. साठ्यातली हवा दिसत नाही आणि तिचा आवाजही येत नाही.

दस्ता तयार झाला तेव्हा तो देखणा होता, हे मी आजही म्हणेन. मूठ बारीक, बोटांत भरणारी. गालाची जागा नेमकी. बटला रबराची गादी. पहिल्या दिवशी तीन-तीन पंप मारून वीसेक छर्रे सोडले आणि सगळे ठीक वाटले. दुसऱ्या दिवशी सहा पंप मारायला घेतले. बट मांडीवर टेकवला, डाव्या हाताने मूठ घट्ट धरली आणि उजव्या हाताने दांडा मिटवू लागलो. सहाव्या पंपाला दांडा अर्ध्यावर असताना, काटकी मोडावी तसा लहानसा, कोरडा आवाज झाला आणि डाव्या हातातली मूठ किंचित फिरली. दांडा तसाच धरून ठेवला, सावकाश मिटवला, रायफल मातीच्या ढिगाकडे धरून हवा सोडली, आणि मगच खाली पाहिले. मुठीच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत तिरकी भेग गेली होती. तिचा कडेचा भाग इतका गुळगुळीत होता की तो कोणी पटाशीने कापला असावा असे वाटावे.

त्या गुळगुळीतपणानेच कारण सांगितले. लाकूड तिथे तुटले नव्हते, धाग्याच्या बाजूने सुटले होते. दस्त्याची वरची कड फळीच्या धाग्याला समांतर होती, पण मूठ तर चापाच्या मागून खाली उतरते. म्हणजे दस्त्याच्या सर्वांत बारीक भागात धागा मुठीच्या लांबीच्या दिशेने न जाता तिला तिरका छेदून बाहेर पडत होता. लाकूड धाग्याच्या लांबीच्या दिशेने फार मजबूत असते आणि दोन धाग्यांमधली पकड त्या मानाने फार थोडी असते. नेम धरताना मुठीवर हाताच्या वजनाखेरीज काहीच येत नाही, म्हणून साध्या रायफलीत असा दस्ता वर्षानुवर्षे टिकला असता. पंप मारताना मात्र मी एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने दांडा धरून, काठी गुडघ्यावर मोडावी तसा, त्या बारीक भागावर वाक आणत होतो. मूठ हातात बसावी म्हणून मी ती जितकी बारीक केली, तितके हवा भरण्याचे काम तिला न झेपणारे होत गेले.

त्यानंतर काही दिवस मी रायफलीकडे फिरकलो नाही, पण वाचत मात्र राहिलो, आणि दस्त्याचा हवेशी असलेला हा संबंध किती जुना आहे ते कळले. ऑस्ट्रियाच्या सैन्यात १७८० च्या सुमारास आलेल्या जिरांदोनी हवाई रायफलीत मागचा दस्ता हाच हवेचा साठा होता. लोखंडी पत्र्याची ती शंकूच्या आकाराची टाकी सोडवून घ्यायची, वेगळ्या हातपंपाला लावायची, आणि सुमारे १,५०० वेळा पंप मारून भरायची. सैनिक ज्यावर गाल टेकवत असे त्याच वस्तूत दाबलेली हवा असे. पुढे साठा नळीखाली गेला, दस्ता पुन्हा लाकडाचा झाला. १९४७ साली आलेल्या शेरिडनच्या पहिल्या पाच मिलिमीटरच्या पंप रायफलीला अक्रोडाचा दस्ता होता. जुन्या पितळी पंप रायफली हाताळणारे लोक आणखी एक गोष्ट सांगतात: त्यांतल्या काहींत नळी पंपाच्या नळकांड्याला डाख देऊन जोडलेली असते, आणि पंप मारताना दुसरा हात नळीवर ठेवून दाबला तर तो डाख सुटतो. हे वाचताना मला माझा प्रश्न स्पष्ट दिसला. पंप मारताना दुसरा हात कुठे असावा, हे आधी ठरवायला हवे होते आणि दस्ता त्यानंतर आखायला हवा होता.

दुसऱ्या दस्त्यासाठी मी पेन्सिल हातात घेण्याआधी दोन संध्याकाळी नुसता पंप मारून पाहिला. प्लास्टिकचा जुना दस्ता परत लावला आणि डावा हात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला. चापाच्या थोडे पुढे, जिथे पोलादी नळकांडे दस्त्यात शिरते, तिथे वरून तळवा टेकवला तर सगळा जोर पोलादावर येतो आणि मुठीवर काहीच येत नाही. अडचण एवढीच की तिथे छर्रा आत ढकलणारा बोल्ट असतो आणि त्याची मूठ तळव्याला टोचते. म्हणून नव्या दस्त्यात त्या जागी लाकूड दोन्ही बाजूंनी थोडे वर आणले आणि तळवा बसेल असा रुंद, सपाट खांदा ठेवला. दिसायला तो जरा जाड दिसतो. पहिल्या दस्त्याच्या सडपातळ रेषेपुढे मला तो सुरुवातीला कुरूपच वाटला होता. आता हात आपोआप तिथेच जातो.

त्याशिवाय फळीवर पुठ्ठा या वेळी तिरका ठेवला, म्हणजे धागा मुठीच्या उताराबरोबर उतरेल. यात फळी बरीच वाया गेली आणि बटचा खालचा कोपरा जेमतेम मावला. मुठीतून, तिच्या लांबीच्या दिशेने, भोक पाडून ६ मिलिमीटर जाडीची, आटे पाडलेली पोलादी सळई इपॉक्सीत बसवली. स्क्रू जिथून आरपार जातात तिथे लाकडात पितळी नळ्या बसवल्या, कारण लाकूड आडव्या दिशेने आकसते आणि फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. आणि नुसत्या लाकडावर आवळलेला स्क्रू ऋतू बदलला की सैल पडतो. पितळी नळीवर आवळलेला स्क्रू सहसा जागचा हलत नाही. मूठ पहिलीपेक्षा चार मिलिमीटर जाड ठेवली.

पुढच्या दांड्याच्या लाकडाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते या सबंध कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. इतर रायफलींत पुढचे लाकूड नुसते डाव्या तळव्यावर विसावते. इथे ते हलणारे हत्यार असते. एका दुपारी पन्नास छर्रे सोडले तर पाच पंपांच्या हिशेबाने ते अडीचशे वेळा उघडते आणि मिटते. त्याच्या आत लोखंडी दांडा बसण्यासाठी लांब खाच असते आणि खाचेच्या दोन बाजूंना पातळ भिंती उरतात. मी त्या भिंती तीन मिलिमीटरच्या ठेवल्या होत्या, कारण लाकूड नाजूक दिसावे अशी इच्छा होती. काही दिवसांतच एक भिंत मागच्या टोकापासून मध्यापर्यंत उभी चिरली. दांडा ओढताना बोटे त्या भिंतींना बाहेरच्या बाजूला फाकवतात, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. दुसऱ्या खेपेला भिंती सहा मिलिमीटरच्या केल्या, लोखंडी दांडा खाचेत इपॉक्सीने पूर्ण टेकवला, आणि बोटांसाठी बाहेरून दोन्ही अंगांना उथळ पन्हळी कोरल्या. या पन्हळींमुळे बोटांची टोके लाकडाच्या वरच्या कडेच्या खाली राहतात आणि दांडा मिटताना नळकांड्याखाली चिमटत नाहीत. पकडीची जागा शक्य तितकी मागे, खिळीपासून दूर ठेवली, कारण तरफेच्या साध्या नियमाने तिथे कमी जोर पुरतो. दांडा मिटताना पूर्वी खट्ट असा धातूचा आवाज होई. लाकूड जिथे नळकांड्याला भिडते तिथे चामड्याची पातळ पट्टी चिकटवल्यावर तो आवाज मऊ आणि बसका झाला.

घासकामाबद्दल थोडेच लिहितो, कारण ते सगळीकडे सारखेच असते. १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ४०० पर्यंत, नेहमी धाग्याच्या दिशेने. मधे दोनदा ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू दिले, की दबलेली लव उभी राहते आणि पुढच्या पेपरने ती निघून जाते. मग अळशीचे तेल, अगदी पातळ हात देऊन, तळव्याच्या उबेने चोळून, आणि दोन हातांमध्ये पुरेसे दिवस सोडून. मी आठ हात दिले. तेलाच्या फडक्यांबाबत मात्र सावध केलेच पाहिजे. अळशीचे तेल हवेतला प्राणवायू घेत सुकते आणि सुकताना उष्णता सोडते. असे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून उघड्यावर वाळवावे, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे.

दस्त्याने नेमात काय फरक पडला, असे मला विचारले जाते. पूर्वी माझे पाच छर्रे कागदावर उभ्या रेषेत पसरत: आडवे जवळजवळ, पण एक वर, एक खाली. उभ्या पसाऱ्याची दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे वेगातला फरक, आणि तो मोजून पाच पंप मारले, दर वेळी दांडा शेवटपर्यंत उघडला आणि सारख्याच गतीने चालवला, की बराच आटोक्यात येतो. दाबल्याने हवा तापते आणि मग निवताना तिचा दाब थोडा उतरतो, म्हणून शेवटच्या पंपानंतर चाप ओढेपर्यंतचा वेळही मी सारखा ठेवू लागलो. तरी पसारा राहिला, तेव्हा दुसरे कारण उरले, ते म्हणजे गाल. माझ्या रायफलीवर मागची खाच आणि पुढची माशी यांत ४५० मिलिमीटर अंतर आहे. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर वर किंवा खाली दिसली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे अकरा मिलिमीटर चुकतो. पोकळ प्लास्टिकवर गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकत होता आणि डोळा त्याच्याबरोबर वरखाली होत होता. नव्या दस्त्यावर गाल एकाच जागी येतो, आणि तो आला नाही तर लगेच कळते. पाच छर्रे आता बहुतेक वेळा एकाच फाटक्या भोकात, किंवा त्याच्या कडेला, जातात. यंत्र तेच आहे, नळी तीच, पंपही तेवढेच.

वजन वाढले आहे. पूर्वी ती जेमतेम पावणेदोन किलोची होती, आता सव्वादोन किलोच्या पुढे आहे. उभ्याने नेम धरताना हे वजन मला हवेसे वाटते, पण लांब चालायचे असेल तर खांद्याला जाणवते. दमट दिवसांत बटच्या गादीचा खालचा स्क्रू अजूनही किंचित सैल होतो, कारण तिथे पितळी नळी बसवायची राहून गेली. पेचकसाने पाव फेरा द्यावा लागतो. ती नळी कधीतरी बसवीन.

पुढच्या दांड्याचे दुसरे लाकूड कुठून आणले, तेही सांगतो. फळी संपली होती, आणि तशाच रंगाची दुसरी मिळेना. तेव्हा मोडलेल्या पहिल्या दस्त्याचा मागचा भाग घेतला. मुठीच्या मागे तो पूर्ण शाबूत होता, आणि त्यातला सरळ धागा, जो मुठीत घातक ठरला, तो दांड्याच्या लांबीला अगदी योग्य होता. बट आणि गालाची जागा कापून काढली आणि मधल्या भागातून वीस सेंटिमीटरचा तुकडा निघाला. दांडा सोडवून उलटा केला की खाचेच्या तळाशी आजही पहिल्या दस्त्यावरची पेन्सिलची एक रेघ दिसते. गालाची उंची ठरवताना मी ती ओढली होती. तिच्यावरून रंधा फिरवायचे मी टाळले.